फ्री लंचचा टक्का वाचताना: अमेरिकन शाळेतली गरिबी मोजण्याचा नीट क्रम

न्यू जर्सीत किंवा टेक्सासात घर बघायला निघालेलं मराठी जोडपं शाळांच्या संकेतस्थळावर आधी रेटिंग बघतं आणि मग त्याखालचा 'फ्री ऑर रिड्यूस्ड लंच'चा, म्हणजे मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र मुलांचा, टक्का. तिथे 60 दिसले की 'इथे साठ टक्के मुलं गरीब आहेत' असं म्हणून यादीतून शाळा कापली जाते. शिक्षणशास्त्रात एमए किंवा पीएचडी करणारी आपली मुलं हाच आकडा प्रबंधाच्या तक्त्यात टाकतात आणि वर 'दारिद्र्यदर' असं लिहितात. अनुदानासाठी अर्ज करणाऱ्या संस्थाही तेच करतात. मी दिवसभर शाळांच्या आकडेवारीतच असते आणि ही चूक मला दर आठवड्याला कुठे ना कुठे दिसते. म्हणून हा आकडा कसा काढायचा, कोणत्या क्रमाने तपासायचा आणि कुठे थांबायचं, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आपल्याकडच्या वाचकांची एक वेगळी गफलत होते, ती आधीच सांगते. महाराष्ट्रात सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत शालेय पोषण आहार सगळ्यांना मिळतो. खिचडी वाढताना कुणी आईवडिलांचं उत्पन्न विचारत नाही. त्यामुळे किती मुलं जेवली यावरून किती मुलं गरीब आहेत हे तिथे कळत नाही, आणि कुणी तसा अर्थ काढतही नाही. अमेरिकेत फार वर्षं उलट होतं. जेवण सगळ्यांना मिळायचं, पण पैसे कुणी किती द्यायचे ते उत्पन्नावर ठरायचं, म्हणून त्या यादीतून गरिबीचा अंदाज बांधता यायचा. आता तिथल्या हजारो शाळांत सगळ्यांनाच मोफत जेवण मिळतं, पण आकडा मात्र जुन्याच नावाने छापला जातो. सगळा घोटाळा इथून सुरू होतो.

आधी तयारी

संगणक उघडण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहा.

पहिली: मला नेमकं काय हवं आहे? एका शाळेत आज कशी मुलं शिकतात, दहा वर्षांत काय बदललं, की दोन जिल्ह्यांत (इथे जिल्हा म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्ट) फरक किती? तिन्ही प्रश्नांना वेगळे आकडे लागतात.

दुसरी: राज्य कोणतं? हे वाटतं त्यापेक्षा फार महत्त्वाचं आहे.

तिसरी: शैक्षणिक वर्ष कोणतं? संकेतस्थळावरचा आकडा बऱ्याचदा दोन-तीन वर्षं जुना असतो आणि वर्ष खाली बारीक अक्षरात असतं. ते तिथून शोधून कागदावर उतरवा.

टप्पा 1: व्याख्या पक्की करा

केंद्र सरकारचा नियम असा. कुटुंबाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या 130 टक्क्यांपर्यंत असेल तर मुलाला जेवण मोफत. 130 ते 185 टक्क्यांच्या मध्ये असेल तर सवलतीचं, म्हणजे दुपारच्या जेवणाला जास्तीत जास्त 40 सेंट. त्याच्या वर असेल तर पूर्ण पैसे.

चार माणसांच्या कुटुंबासाठी 2025 ची दारिद्र्यरेषा 32,150 डॉलर होती. त्यावरून 2025-26 या वर्षात मोफत जेवणाची मर्यादा 41,795 आणि सवलतीची 59,478 डॉलर येते. तीन माणसांच्या घराला हेच आकडे 34,645 आणि 49,303. म्हणजे 'फ्री ऑर रिड्यूस्ड' या यादीत दारिद्र्यरेषेच्या जवळपास दुप्पट कमावणारं घरही असतं. या यादीला 'अल्प उत्पन्न गट' म्हणा. 'गरीब' म्हणू नका आणि 'दारिद्र्यरेषेखालची मुलं' तर मुळीच म्हणू नका.

आणखी एक गोष्ट. अलास्का आणि हवाई सोडले तर ही मर्यादा देशभर एकच आहे. मिसिसिपीच्या खेड्यात 60,000 डॉलरमध्ये चार माणसांचं घर नीट चालतं. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला तेवढ्यात दोन खोल्यांचं भाडं देता देता नाकी नऊ येतात. पण दोघांचंही मूल यादीबाहेरच राहतं. महागड्या शहरात हा टक्का खरी ओढाताण कमी दाखवतो, हे व्याख्येतच लिहिलेलं आहे.

*पडताळणी:* राज्याने स्वतःची मर्यादा वाढवली आहे का? न्यू जर्सीने 2024-25 पासून राज्याच्या पैशातून 224 टक्क्यांपर्यंतच्या कुटुंबांना मोफत जेवण द्यायला सुरुवात केली. अशा राज्यात 'मोफत जेवणारी मुलं' आणि 'केंद्राच्या नियमाने पात्र मुलं' या दोन वेगळ्या संख्या आहेत.

टप्पा 2: मूल यादीत कोणत्या दाराने आलं ते बघा

यादीत यायला मुख्यतः दोन दारं आहेत.

पहिलं दार अर्जाचं. ऑगस्ट-सप्टेंबरात शाळा घरी एक कागद पाठवते. घरात कोण कोण राहतं, प्रत्येकाची कमाई किती आणि ती किती दिवसांनी हातात येते, एवढंच त्यात विचारलेलं असतं. सही करणाऱ्याच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहायचे. क्रमांक नसेल तर तशी खूण करायची. व्हिसा कोणता, हे विचारत नाहीत. अर्ज भरणाऱ्यांची हमखास चूक म्हणजे 'दर दोन आठवड्यांनी' आणि 'महिन्यातून दोनदा' या दोन रकान्यांची अदलाबदल. पहिल्यात वर्षाचे 26 पगार होतात, दुसऱ्यात 24. मर्यादेच्या काठावरचं घर एवढ्यानेही आत किंवा बाहेर जातं. अर्जांपैकी साधारण 3 टक्केच पुढे पडताळणीसाठी काढले जातात. आणि एकदा मंजूर झालेला अर्ज पूर्ण शैक्षणिक वर्ष चालतो, मध्येच पगार वाढला तरी.

दुसरं दार डायरेक्ट सर्टिफिकेशनचं. कुटुंब स्नॅप, म्हणजे अन्नसाहाय्य योजनेत असेल किंवा टॅनफमध्ये, म्हणजे गरजू कुटुंबांच्या रोख मदतीच्या योजनेत असेल, तर राज्य ती यादी शाळेच्या पटाशी जुळवतं आणि मूल अर्जाशिवाय पात्र ठरतं. बेघर मुलं, पालकगृहातली म्हणजे फॉस्टर केअरमधली मुलं, स्थलांतरित शेतमजुरांची मुलं, हेड स्टार्ट या अल्प उत्पन्न घरांसाठीच्या सरकारी बालवर्गांतली मुलं हीही अशीच थेट येतात. बऱ्याच राज्यांत आता मेडिकेडची, म्हणजे अल्प उत्पन्न गटाच्या सरकारी आरोग्यविम्याची, यादीही जुळवतात.

दाराने काय फरक पडतो, तो एका घरावरून बघू. समजा पुण्याहून गेलेला एक जण अमेरिकन विद्यापीठात पीएचडी करतो आहे. विद्यावेतन वर्षाला 36,000 डॉलर. बायको त्याच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, म्हणून तिला नोकरी करता येत नाही. दोन मुलं जवळच्या प्राथमिक शाळेत. त्यांनी अर्ज भरला तर मुलं मोफत जेवणाला पात्र आहेत. पण त्या व्हिसावर स्नॅप मिळत नाही, म्हणून डायरेक्ट सर्टिफिकेशनच्या यादीत ती मुलं बहुधा येणार नाहीत. त्यातून दोघे पालक उच्चशिक्षित, घरात पुस्तकं, आणि चार वर्षांनी पगार तिपटीवर जाणार. त्याच वर्गात शेजारच्या बाकावर बसलेली मुलगी आईबरोबर गाडीत राहून शाळेत येत असेल. आकड्याच्या लेखी प्रत्येक मुलाची किंमत सारखीच, 'एक'.

*सावधान:* जिथे स्थलांतरितांची वस्ती मोठी आहे तिथे डायरेक्ट सर्टिफिकेशनचा आकडा गरिबी कमी दाखवतो. कागदपत्रं नसलेली माणसं स्नॅपसाठी पात्र नसतात आणि भीतीपोटी बरीच कुटुंबं अर्जही भरत नाहीत. सगळ्यात गरजू मुलं मोजणीतून अशीच निसटतात.

टप्पा 3: टक्का बघण्याआधी शाळा 'सीईपी'त आहे का ते बघा

क्रम चुकतो तो इथेच. लोक टक्का बघतात, चकित होतात आणि मग कारण शोधतात. उलटं करा.

कम्युनिटी एलिजिबिलिटी प्रोव्हिजन, म्हणजे सीईपी, ही 2010 च्या कायद्यातली सोय 2014-15 पासून देशभर लागू झाली. ज्या शाळेत थेट पात्र ठरलेली मुलं ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त आहेत ती शाळा सगळ्यांना मोफत जेवण देऊ शकते आणि घरोघरचे अर्ज बंद करू शकते. हे प्रमाण आधी 40 टक्के होतं, ऑक्टोबर 2023 पासून 25 टक्क्यांवर आलं. सोय मुलांच्या दृष्टीने फार चांगली आहे. कॅन्टीनच्या रांगेत कोण फुकट जेवतं हे कुणाला कळू नये, पोराने आपला पिन नंबर दाबावा आणि ताट घेऊन जावं, यासाठी किती वर्षं झगडावं लागलं आहे. पण अर्ज बंद झाले की अर्जांवर उभा असलेला आकडाही संपतो.

मग शाळेच्या नावापुढे काय छापायचं? काही राज्यं सरळ 100 टक्के लिहितात. काही थेट पात्र मुलांच्या टक्क्याला 1.6 ने गुणतात. काही जुना, सीईपीआधीचा टक्काच पुढे चालवतात. काही फक्त थेट पात्र मुलं देतात.

उदाहरणासाठी 640 मुलांची एक काल्पनिक शाळा घ्या. अर्ज होते तेव्हा 300 मोफत आणि 52 सवलतीची, एकूण 352. हे झाले 55 टक्के. आता शाळा सीईपीत गेली. थेट पात्र मुलं 272, म्हणजे 42.5 टक्के. त्याला 1.6 ने गुणलं की 68 टक्के. आणि संकेतस्थळावर 100. मुलं तीच, घरं तीच, आकडे चार: 42.5, 55, 68, 100.

*सावधान:* हे 1.6 केंद्र सरकार शाळेला जेवणाचे पैसे किती देणार, ते ठरवण्यासाठीचं गुणक आहे. अर्ज घेतले असते तर किती मुलं पात्र ठरली असती, याचा तो ढोबळ अंदाज आहे. एखाद्या विशिष्ट शाळेत तेवढी मुलं खरोखर आहेत असा त्याचा अर्थ होत नाही. 62.5 टक्क्यांवर गुणाकार 100 ला पोचतो. त्यामुळे 63 टक्के थेट पात्र असलेली शाळा आणि 90 टक्के असलेली शाळा दोन्ही सारख्याच दिसतात, आणि त्या सारख्या अजिबात नाहीत.

*पडताळणी:* टक्का बरोब्बर 100, किंवा एकाच जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना दशांशापर्यंत एकच टक्का दिसला, तर तो मोजलेला आकडा नाही असंच समजा. जिल्हा आपल्या शाळांचा गट करून एकत्र सीईपीत जाऊ शकतो. मग सगळ्यांना गटाचाच टक्का लागतो.

टप्पा 4: कच्चे आकडे स्वतः उतरवा

टक्के उतरवू नका, मुलांच्या संख्या उतरवा. नॅशनल सेंटर फॉर एज्युकेशन स्टॅटिस्टिक्स (एनसीईएस) या केंद्रीय संस्थेच्या कॉमन कोअर ऑफ डेटा या साठ्यात प्रत्येक सरकारी शाळेच्या संख्या फुकट मिळतात. शाळेचा बारा अंकी क्रमांक वापरा; लिंकन आणि वॉशिंग्टन नावाच्या शाळा गावोगावी आहेत. तक्त्यात पाच रकाने ठेवा: एकूण पट, मोफत, सवलतीची, थेट पात्र, सीईपी आहे की नाही.

बऱ्याच राज्यांनी आता अर्जांची संख्या देणं सोडून फक्त थेट पात्र संख्या द्यायला सुरुवात केली आहे. एका राज्याचा 'मोफत अधिक सवलत' आणि दुसऱ्याचा 'थेट पात्र' शेजारी ठेवून तुलना केलीत तर दुसरं राज्य श्रीमंत असल्याचा भास होईल.

रिकाम्या जागा हा वेगळा विषय आहे. तक्त्यात छोटी आडवी रेघ म्हणजे माहिती आलेली नाही, खंजिराचं चिन्ह म्हणजे तो प्रश्न त्या शाळेला लागू नाही, दुहेरी खंजीर म्हणजे माहिती दर्जात बसली नाही. कच्च्या फाइलमध्ये याच जागी उणे आकडे असतात. एक्सेलमध्ये बेरीज करताना लोक या जागी शून्य भरतात आणि एखाद्या गरीब शाळेत एकही गरजू मूल नाही असं निघतं. उणे आकडे तसेच बेरजेत गेले तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

सरासरी काढतानाची चूक फार साधी आहे. जिल्ह्यात दोन शाळा: एकीत 200 मुलं आणि टक्का 80, दुसरीत 1,000 मुलं आणि टक्का 20. टक्क्यांची सरासरी 50 येते. मुलं मोजा: 160 अधिक 200, म्हणजे 1,200 पैकी 360. खरा टक्का 30.

टप्पा 5: वर्षांची तुलना करण्याआधी रेघ कुठे तुटते ते ठरवा

मी काम सुरू केलं त्या वर्षी एका जिल्ह्यासाठी दहा वर्षांचा आलेख काढला होता. रेघ साठीत चालली होती आणि एका वर्षात थेट शंभराला टेकली. बैठकीत एका पालकाने उठून विचारलं, 'आमच्या गावात त्या वर्षी असं काय झालं?' काहीच झालं नव्हतं, जिल्हा सीईपीत गेला होता. पण तोवर तो आलेख गावभर फिरला होता आणि घर विकायला काढलेल्या दोघांनी मला फोन केले होते. तेव्हापासून मी रेघ सलग काढत नाही.

रेघ तुटते ती वर्षं अशी. 2014-15 ला सीईपी देशभर आली. कोविडच्या काळात, विशेषतः 2020-21 आणि 2021-22 मध्ये, केंद्राने जेवण जवळपास सगळ्यांना मोफत केलं, त्यामुळे पालकांनी अर्जच भरले नाहीत आणि टक्का पुष्कळ ठिकाणी खोटा घसरला. ही सोय 2022 च्या उन्हाळ्यात संपली. 2022-23 पासून कॅलिफोर्निया, मेन, मॅसॅच्युसेट्स आणि व्हरमाँटने, आणि 2023-24 पासून मिनेसोटा, कोलोरॅडो, मिशिगन, न्यू मेक्सिको यांनी सगळ्या मुलांना मोफत जेवण सुरू केलं. 2023 च्या ऑक्टोबरात सीईपीचा उंबरठा खाली आला. आणि ज्या वर्षी तुमच्या राज्याने मेडिकेडची यादी जुळवायला घेतली, त्या वर्षी थेट पात्र मुलांची संख्या गरिबी न वाढताही उडी मारते.

सगळ्यांना जेवण मोफत असलं तरी काही राज्यं उत्पन्नाचा वेगळा कागद भरून घेतात, कारण शाळेचा निधी त्यावर ठरतो. कॅलिफोर्नियात हा कागद फार मोलाचा आहे. तिथे राहणाऱ्या मराठी पालकांना माझी कळकळीची विनंती आहे: 'आपल्याला काय, जेवण तर मिळतंच' म्हणून तो कागद टाकून देऊ नका. तुम्ही पात्र असाल आणि भरला नाहीत, तर तुमच्या मुलाच्या नावाचे जास्तीचे पैसे शाळेला येत नाहीत.

*पडताळणी:* राज्याच्या शाळा-अहवालात रकान्याचं नाव बदललं का बघा. मॅसॅच्युसेट्सने 2014-15 मध्ये 'लो इन्कम' सोडून 'इकॉनॉमिकली डिसअ‍ॅडव्हांटेज्ड' ही वेगळी व्याख्या घेतली आणि 2021-22 पासून पुन्हा 'लो इन्कम'वर, पण नव्या व्याख्येने, आले. नाव परत आलं तरी आकडा परत आलेला नाही.

टप्पा 6: शाळेची तुलना तिच्या जोडीच्या शाळेशीच करा

प्राथमिक शाळेची हायस्कूलशी तुलना करू नका. मुलं मोठी झाली की अर्ज घरापर्यंत पोचतच नाही. पंधरा वर्षांचा मुलगा तो कागद दप्तरातच ठेवतो, कारण मित्रांसमोर लाज वाटते. त्यामुळे त्याच वस्तीतल्या हायस्कूलचा टक्का प्राथमिक शाळेपेक्षा कमी दिसतो आणि 'मोठ्या शाळेत परिस्थिती सुधारते' असा चुकीचा अर्थ निघतो. उपाय म्हणून हायस्कूलला मुलं पाठवणाऱ्या प्राथमिक शाळांच्या संख्या एकत्र करून बघा.

25, 50 आणि 75 या टक्क्यांवर रेघा मारून शाळांचे चार गट करायची सरकारी पद्धत आहे. 75 च्या वरची 'हाय पॉव्हर्टी' शाळा. मोठ्या चित्रासाठी हे ठीक आहे. एका शाळेला 74 आणि दुसरीला 76 आहेत म्हणून त्या वेगळ्या जातीच्या ठरवू नका.

टक्क्याच्या आतही दरी असते, आणि ती या आकड्यातून अजिबात दिसत नाही. कॅथरीन मिशेलमोर आणि सुझन डायनार्स्की यांनी मिशिगनमधल्या मुलांचा बालवाडीपासून माग काढला. आठवीतली साधारण निम्मी मुलं त्या वर्षी मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र होती, पण बालवाडीपासून दर वर्षी पात्र असलेली मुलं फक्त 14 टक्के. त्यांचे गुण बाकीच्यांच्या कितीतरी खाली होते. एका वर्षाच्या आकड्यात ही 14 टक्के मुलं आणि वडिलांची नोकरी सहा महिने गेलेलं मूल यांच्यात काहीच फरक दिसत नाही. तुमच्या हातात मुलागणिक अनेक वर्षांची माहिती असेल तर 'किती वर्षं पात्र होतं' हा रकाना जरूर करा. संशोधन करणाऱ्यांना या एका रकान्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाही होत नाही, असं माझं मत आहे.

टप्पा 7: दुसऱ्या मापाशी ताडून बघा

जनगणना विभाग दर वर्षी प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टमधल्या 5 ते 17 वयाच्या मुलांच्या गरिबीचा अंदाज काढतो; त्याला सेपी म्हणतात (इंग्रजीत SAIPE; वरच्या सीईपीशी त्याचा संबंध नाही). टायटल वनचा, म्हणजे अल्प उत्पन्न गटातल्या मुलांच्या शिक्षणासाठीचा केंद्रीय निधी जिल्ह्यांना देताना हाच आधार असतो. ताडताना तीन फरक लक्षात ठेवा. सेपी खऱ्या दारिद्र्यरेषेवर, म्हणजे 100 टक्क्यांवर मोजतो, त्यामुळे तो आकडा जेवणाच्या टक्क्यापेक्षा बराच कमी येणारच. तो जिल्ह्यात राहणारी सगळी मुलं मोजतो, खासगी शाळेत जाणारीही. आणि तो जिल्ह्याचा आहे, एकेका शाळेचा नाही.

शाळेभोवतालच्या वस्तीचा उत्पन्न-अंदाजही एनसीईएस देते. त्यात 100 म्हणजे दारिद्र्यरेषेवर, 200 म्हणजे तिच्या दुप्पट. तो शाळेच्या इमारतीभोवतीच्या घरांचा आहे, बसने लांबून येणाऱ्या मुलांचा नाही. मॅग्नेट शाळेला, म्हणजे खास विषयांसाठी लांबलांबून मुलं येतात अशा शाळेला, तो लावू नका.

मापं एकमेकांशी जुळायला हवीत अशी अपेक्षा नको, पण दिशा एक हवी. जेवणाचा टक्का दहाने वाढला आणि सेपी जागेवरच असेल, तर टप्पा 3 आणि 5 वर परत जा. दहापैकी नऊ वेळा उत्तर तिथेच सापडतं.

टप्पा 8: वाक्य लिहा

आकडा कधीच एकटा लिहू नका. वर्ष, कोणती संख्या, कशाच्या प्रमाणात आणि सीईपीची स्थिती, या चारही गोष्टी त्याच वाक्यात आल्या पाहिजेत.

चुकीचं: 'या शाळेत 68 टक्के मुलं गरीब आहेत.'

बरोबर: '2024-25 मध्ये शाळेच्या 640 पैकी 272 मुलं (42.5 टक्के) अन्नसाहाय्यासारख्या योजनांमुळे थेट पात्र ठरली. शाळा सीईपीत असल्याने जेवण सगळ्यांना मोफत आहे आणि कुटुंबांकडून अर्ज घेतले जात नाहीत.'

वाक्य लांबलं तरी चालेल. घर बघणाऱ्यांनीही शाळेत फोन करून एवढंच विचारावं: 'तुम्ही सीईपीत आहात का, आणि डायरेक्ट सर्टिफिकेशनची मुलं किती?' ऑफिसातल्या बाई दोन मिनिटांत सांगतात. आणि फोन केलाच आहे तर हेही विचारून घ्या, की गेल्या वर्षी किती शिक्षक शाळा सोडून गेले. तुमच्या मुलाच्या वर्गात काय होणार आहे, ते जेवणाच्या टक्क्यापेक्षा या उत्तरावरून जास्त कळेल.